पाण्याचा धंदा आणि वसुलीची वही

जूनमध्ये धरणक्षेत्रात पहिला जोराचा पाऊस झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नदीवरच्या मोटारी काढायची गडबड सुरू होते. पाणी अजून पात्रातच असते. पण कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या की एका रात्रीत काठची मळीची जमीन पाण्याखाली जाते, हे काठावरच्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर उलटा लावायचा, चेन-पुली अडकवायची आणि गुडघाभर चिखलात उभे राहून पाच-सहा जणांनी ते धूड वर ओढायचे. ज्याला जमले नाही त्याची मोटार पुरात जाते आणि पूर ओसरल्यावर जयसिंगपुरातल्या कुठल्या तरी गल्लीत, रिवायंडिंगच्या दुकानापुढे येऊन पडते. 2019च्या आणि 2021च्या महापुरानंतर अशा दुकानांपुढे गाळाने माखलेल्या मोटारी ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीला तारेने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर गाव, नाव आणि एचपी. आत कारागीर जळकी तार छिन्नीने तोडून काढतो, स्टेटर धुऊन वाळवतो, नवी तांब्याची तार एकेका खाचेत बसवतो आणि वर वार्निश ओततो. दुकानभर त्याचा उग्र वास. मोटार टेम्पोत चढवताना गिऱ्हाईक म्हणते, "अण्णा, बिल पडू दे, मग देतो." बिल म्हणजे कारखान्याचे ऊसबिल. अण्णा काही बोलत नाही, वहीत लिहितो.

पाण्याच्या उद्योगाचा आढावा त्या वहीपासूनच सुरू करावा असे मला वाटते. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने 1917च्या सुमारास वसवलेले जयसिंगपूर आखीव गल्ल्यांचे, नंबराने ओळखल्या जाणाऱ्या. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, दोघींचा संगम खाली नरसोबाच्या वाडीला. गावाची ख्याती व्यापाराची, आणि अलीकडे ऊसदरासाठी भरणाऱ्या ऊस परिषदेची. इथे ‘पाण्याचा उद्योग’ असा शब्द कुणी उच्चारणार नाही. पण पंप, पाइप, ठिबक, बोअर, जार, टाकी, फिल्टर, रिवायंडिंग अशा पाट्या मोजायला लागलो तर बाजारपेठेचा मोठा हिस्सा पाण्यावरच उभा आहे हे कळते. प्रश्न असा की पाण्यात टिकाऊ धंदा कोणाला उभा करता आला, आणि कोणाला का जमला नाही? महाराष्ट्रातली शंभर-सव्वाशे वर्षांची उदाहरणे समोर ठेवली तर माझे उत्तर सरळ आहे. पाणी मिळवणे, उपसणे, शुद्ध करणे ही कामे अवघड खरी, पण त्यांना तंत्र आहे. धंदा तरतो की बुडतो ते पैसे कोण देणार, कधी देणार आणि न दिल्यास पाणी तोडायची कुणाची छाती आहे, यावर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पाणी विकले नाही, पाणी उचलण्याचे यंत्र विकले. त्यांची वाट आधी नांगरावरून गेली. 1903च्या सुमारास बनवलेला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्याची समजूत होती. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला, हे आपल्याकडे भाषणात सांगायला बरे पडते. उद्योजकाच्या नजरेने पाहिले तर त्यातून एवढेच दिसते की कच्च्या मालासाठी हा माणूस कुणाकडेही जायला लाजला नाही. 1926मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला, 1946मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. नदी दहा फुटांवर आणि रान कोरडे, या जुन्या दुखण्यावर इंजिन आणि पंपाची जोडी हा कृष्णाकाठचा पहिला इलाज होता. यंत्राचा एक फायदा असा की दुकानातून बाहेर पडताना त्याचे पैसे होतात, निदान उधारी कुणाच्या नावावर आहे ते तरी ठरते. पाण्याचे तसे नाही. ते रानात जिरून जाते, आणि जिरलेले पाणी परत ओढून नेता येत नाही.

वसुली नीट असली तरी वारसाचा प्रश्न उरतो. त्याच घराण्यात पुढे पंप कुणी बनवायचे यावरून भाऊबंदकी झाली. 2009च्या कौटुंबिक करारात एकमेकांच्या धंद्यात न जाण्याचे कलम आहे असे एका बाजूचे म्हणणे. ऑइल इंजिनवाल्या कंपनीने 2017मध्ये ला-गज्जर ही पंप बनवणारी कंपनी घेतली, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खरे-खोटे न्यायालय पाहील. बाटलीबंद पाण्यातल्या बिसलेरीच्या रमेश चौहानांनाही वयाच्या ऐंशीनंतर वारसाचा प्रश्न पडला, टाटांशी विक्रीची बोलणी झाली आणि 2023मध्ये ती फिसकटली. पाइप पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, मालकी हक्काचे तसे नाही.

आता खरा मुद्दा, उपसा सिंचनाचा. या मुलखाइतका त्याचा अनुभव राज्यात दुसरीकडे क्वचितच असेल. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी सुरू केले, ते पुरे व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. त्याच्या जोडीला नदीत जागोजाग कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे, पुढच्या पावसाआधी बरगे काढायचे. कालव्याचा खर्च नाही, नदी हाच कालवा. मग काठावर इंजिन बसवून चार-पाच किलोमीटर आत पाणी नेणारे मालक पुढे आले. हे पहिले खरे पाणीविक्रेते. ते रोख पैसे मागत नसत, उसाचा तिसरा किंवा चौथा हिस्सा घेत. पीक बुडाले तर दोघांचे बुडाले, आले तर मालकाचा हिस्सा रानातच मोजून ठेवलेला. शेतकऱ्याला हे जाचक होते यात शंका नाही. पण वसुलीची ही रीत मला आजही पक्की वाटते.

सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी मालकाला बाजूला काढले, पण त्याची युक्ती ठेवली. हिश्शाच्या जागी एकरी पाणीपट्टी आली आणि ती कारखाना ऊसबिलातून कापून संस्थेला देऊ लागला. पन्नास-साठ वर्षे या जिल्ह्यातल्या संस्था टिकल्या त्याचे मोठे कारण हे कापणे आहे. सभासदाच्या हातात पैसा जाऊन परत येत नाही, वरच्या वर कापला जातो. बँकांनी अशा संस्थांना कर्ज दिले तेही याच भरवशावर.

संस्था चालवायची म्हणजे काय, ते जॅकवेलवर जाऊन पाहावे. नदीपात्रातून विहिरीत आलेले पाणी, वर पन्नास-शंभर एचपीच्या मोटारी, तिथून रानाच्या उंचवट्यावरच्या वितरण कुंडापर्यंत गेलेली रायझिंग मेन. चालू मोटार वीज जाऊन एकदम थांबली की वर चढलेले पाणी माघारी येते आणि त्याच्या दणक्याने जुना पाइप फुटतो. फुटला की पाळी चुकते. पाळी चुकली की चेअरमनच्या दारात माणसे येतात. पाणी सोडणारा पाटकरी हा संस्थेतला सर्वांत कमी पगाराचा आणि सर्वांत जास्त शिव्या खाणारा माणूस. तीन फेज वीज रात्रीची असेल तर त्याची बॅटरी रात्री दोनला बांधावरून हलताना दिसते. कुणाच्या सरीत पाणी पोचले, कुणी बारे मधेच फोडून घेतले, कोणाचा पाहुणा संचालक आहे, हे सगळे त्याच्या डोक्यात. व्यवस्थापनाच्या शाळांत नेतृत्वाचे जे धडे देतात त्यांतले निम्मे या माणसाला येत असतात. उरलेले निम्मे, म्हणजे ताळेबंद, चेअरमनला यावे लागतात. त्याला विजेचे बिल, पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता हे सगळे एकरी आकड्यात बसवायचे असते, आणि आकडा वाढवला तर पुढच्या निवडणुकीत पॅनेल पडते.

विजेने या गणितात दरवेळी खोडा घातला. दरवाढीविरुद्ध ज्येष्ठ शेतकरी नेते एन. डी. पाटील यांच्यासारख्या माणसाला म्हातारपणी मोर्चे काढावे लागले. 2024मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळाली. संस्थांच्या मोटारी मोठ्या, त्या यात बसत नाहीत आणि त्यांच्या सवलतीचा दर मुदत संपली की पुन्हा मागून घ्यावा लागतो. म्हणजे एकट्याची मोटार फुकट आणि दोनशे जणांनी मिळून चालवलेल्या मोटारीला बिल. धोरण आखणाऱ्यांचा हेतू असा नसेल, पण एकत्र येणाऱ्याला दंड बसला हे खरे.

पैलतीरावरची म्हैसाळ योजना याच पाण्यावरची, सरकारी आणि कितीतरी अवाढव्य. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी रानात न्यायचे. तंत्र उत्तम, गरज खरी. पण वसुलीची साखळी तुटकी, त्यामुळे वीजबिल थकायचे, पंप बंद पडायचे आणि ऐन उन्हाळ्यात ते सुरू करण्यासाठी आंदोलन व्हायचे. शेवटी 2018च्या सुमारास शासनाने वीजबिलाचा 81 टक्के भार स्वतःकडे घेतला आणि 19 टक्के शेतकऱ्याकडे ठेवला. दुष्काळी शेतकऱ्याला तेवढी मदत मिळायलाच हवी. मात्र असा दर ठरला की योजना धंदा राहत नाही, अर्थसंकल्पातले एक कलम होते. त्याला हरकत नाही, फक्त तसे उघडपणे म्हणावे.

जळगावच्या भवरलाल जैन यांची गोष्ट वेगळ्या टोकाची. 1963मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेल विकण्यापासून सुरुवात, पुढे पपईपासून पपेन, 1980मध्ये पीव्हीसी पाइप, त्या दशकाच्या शेवटी ठिबक. त्यांचे मोठेपण नळीत नव्हते. नळीबरोबर रोप, सल्ला, पुढे तयार मालाची खरेदी असे सगळे त्यांनी शेतकऱ्याला एका ठिकाणी दिले. कंपनी इस्राएल-अमेरिकेतल्या कंपन्या विकत घेण्यापर्यंत गेली. पण भारतात ठिबकचा ग्राहक दोन तोंडांचा असतो. बसवून घेतो शेतकरी, पैशाचा मोठा भाग देते सरकार, आणि अनुदानाची फाइल सरकारच्या चालीने चालते. मोठी कर्जे, परदेशातला विस्तार आणि अडकलेली येणी असे सगळे एकत्र येऊन 2019मध्ये कंपनी हप्ते चुकवू लागली. 2022मध्ये कर्जाची फेररचना झाली आणि परदेशातला सिंचनाचा धंदा 2023मध्ये रिव्ह्युलिस कंपनीत विलीन करावा लागला. भवरलालजी 2016मध्येच गेले होते. माल जगात नाव मिळवणारा आणि तरी येणे वेळेवर न आल्याने घुसमट, हा अनुभव गावातल्या ठिबक विक्रेत्यालाही लहान मापात येतोच. जलजीवन मिशनची कामे घेतलेले कंत्राटदार 2025मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभर रस्त्यावर आले, ते याच दुखण्याने.

पिण्याच्या पाण्यात चित्र आणखी गुंतागुंतीचे. इथे आधी एक शिडी मांडतो. नळाच्या पाण्याचा लिटरचा दर पैशांच्या हिशेबात. गावच्या ‘वॉटर एटीएम’मध्ये पाच रुपयांचे नाणे टाकून 20 लिटर, म्हणजे लिटरला पाव रुपया. 20 लिटरचा जार 30 रुपयांना धरला तर दीड रुपया. दुकानातली लिटरची बाटली 20 रुपयांच्या आसपास. 2016च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. 11 एप्रिलला निघालेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेला 25 लाख लिटर जाऊ लागले. महिनाभरात रेल्वेने 6 कोटी 20 लाख लिटरचे 4 कोटींचे बिल पाठवले, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर नुसते वाहून नेण्याचे लिटरला सुमारे 65 पैसे. कृष्णेचे पाणी तेच. शिडीच्या प्रत्येक पायरीवर किंमत वाढते ती प्लास्टिक, डिझेल, दुकानदाराचे कमिशन आणि मुख्यतः भरवसा यांची. नळावरचा भरवसा जितका उडतो तितका जारवाल्याचा धंदा वाढतो. इचलकरंजीत 2012मध्ये दूषित पाण्याने कावीळ पसरून माणसे दगावली. त्यानंतर या पट्ट्यात घराघरांत फिल्टर आणि जार का शिरले हे वेगळे सांगायला नको.

त्या इचलकरंजीची कथा पाणीपुरवठ्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. पंचगंगा दारात, पण पिण्यालायक नाही. मग शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी, तर त्या जलवाहिनीला सतत गळती. मग वारणेचा बेत, त्याला वारणाकाठच्या दानोळीकरांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना, तिला कागलच्या बाजूने विरोध. निधी मंजूर, नकाशे तयार, आणि नदीकाठचे गाव म्हणते, आमचे पाणी नेऊ देणार नाही. शहराने वरच्या गावाचा विश्वास मिळवण्यावर एक रुपयाही खर्च केला नसेल तर पाइप कितीही चांगला असून काय उपयोग?

उलट उदाहरण कऱ्हाडशेजारच्या मलकापूरचे. लहान गाव, कोयनेचे पाणी, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची मदत, आणि 2009पासून चोवीस तास नळ. तिथे आधी मीटर आले, जास्त वापरेल त्याला चढा दर लागला, वसुली चोख राहिली आणि लोकांनी हंडे-पिंप भरून ठेवणे सोडले. साठा बंद झाला की वापरही घटतो, हे लोकांना सांगून पटत नाही, करून दाखवावे लागते. नागपुरात 2012मध्ये ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीला 25 वर्षांसाठी शहराचे पाणी चालवायला दिले. मालमत्ता महापालिकेचीच. तिथली बिले आणि कोरडे नळ यांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत. इंग्लंडने 1989मध्ये पाणी कंपन्या विकल्या, आणि आज लंडनची थेम्स वॉटर पंधरा अब्ज पौंडांहून जास्त कर्जाखाली वाकली आहे. पॅरिसने 2010मध्ये पाणी पुन्हा पालिकेकडे घेतले. खासगी की सरकारी, हा वाद मला म्हणूनच थोडा फसवा वाटतो. मलकापूरला जमले त्याचे श्रेय मालकीला नाही, मीटर वाचणाऱ्याला आणि तोडलेली जोडणी कुणाच्या फोनवर न जोडणाऱ्याला आहे. आमच्या भागात घरफाळा आणि पाणीपट्टी एकाच दमात उच्चारतात, आणि दोन्ही मार्चअखेरच आठवतात.

जारचा धंदा मात्र रोखीचा, म्हणून तरुण पोरे त्यात पटकन उतरतात. बोअर, आरओ यंत्र, चिलर, एक छोटा हत्ती टेम्पो आणि शंभर-दोनशे जार. पहिल्या महिन्यापासून गल्ला. इथे दुखणे वसुलीचे नाही, विश्वासाचे आहे. बाटलीबंद पाण्याला बीआयएसचे प्रमाणपत्र 2024च्या ऑक्टोबरपर्यंत सक्तीचे होते. ते उठले आणि लगेच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे उत्पादन जास्त जोखमीच्या यादीत टाकले. धंद्यासाठी मोठ्या प्रमाणावर भूजल उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. लग्नकार्यात आणि दुकानांत फिरणारे सुटे थंड पाण्याचे जार मात्र मोहोरबंद नसल्याने वर्षानुवर्षे नियमांच्या फटीत राहिले. गिऱ्हाईक गारवा तपासते, पाणी तपासत नाही. शिरोळच्या खारट बोअरला आरओ लावले की जेवढे गोड पाणी मिळते, जवळपास तेवढेच किंवा जास्त खारे पाणी मागे टाकावे लागते. ते कुठे जाते? बहुधा मागच्या गटारात. हा खर्च जारवाल्याच्या हिशेबात नसतो. खिशात टीडीएस मीटर ठेवून फिरणारे विक्रेतेही आहेत. तो आकडा क्षार सांगतो, जंतू सांगत नाही, एवढे त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितले तरी पुरे.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या धंद्याबद्दल थोडक्यात. पुण्याच्या थरमॅक्स, प्राज अशा कंपन्या त्यात उतरल्या. मागणी अफाट आहे, पण ती कायद्याच्या धाकाने चालते आणि धाक सैल झाला की यंत्र बंद ठेवून वीज वाचवली जाते. पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी केंदाळ आणि मेलेले मासे तटतात तेव्हा वर कुणाचे तरी यंत्र बंद होते एवढे कळते.

एकरी पाणीपट्टीचे एक देणे राहिले. दर एकरावर असला की पाणी किती घेतले याला किंमत उरत नाही. उसाला जितके पाणी तितका उतारा अशी समजूत, एकट्याच्या मोटारीला फुकटासारखी वीज आणि काळी भारी जमीन यांनी मिळून शिरोळ तालुक्यातली हजारो एकर जमीन क्षारपड केली. एकेकाळचे सोन्यासारखे रान पांढरे फटक पडले, त्यावर लव्हाळा वाढला, आणि सात-बाऱ्यावर जमीन असून माणूस दुसऱ्याच्या बांधावर कामाला जाऊ लागला. आता तिथे उलटा धंदा उभा राहिला आहे, पाणी बाहेर काढण्याचा. शिरोळच्या दत्त कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइपांची निचरा योजना गावोगाव नेली. एकट्याने करून भागत नाही, कारण वरच्याचे पाणी खालच्याच्या रानातून जाणार. म्हणून आधी सगळ्या गटधारकांना एका बैठकीत बसवायचे, नाल्यापर्यंतची वाट कोणाच्या बांधातून न्यायची ते ठरवायचे, मग चर. चार-पाच फूट खोल चरात जाळीचे कापड गुंडाळलेली भोके पाडलेली नळी, तिचे तोंड मोठ्या नळीला, मोठी नळी नाल्याला. कर्ज बँकेचे, आणि हप्ता पुन्हा ऊसबिलातून.

पाइप गाडून झाल्यावर पहिल्या पावसानंतर म्हातारी माणसे नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसतात. नळीतून बोटभर धार पडत असते. एखादा ओंजळ धरतो, जिभेवर घेतो आणि थुंकतो. खारट लागले तर त्याला बरे वाटते. ती धार नाल्यातून कृष्णेला मिळते, आणि खाली कोणाच्या तरी मोटारीचा फूट व्हॉल्व्ह त्याच पाण्यात असतो.